पोटभाडेकरू

१.
रत्नागिरीहून मासळीचे टेंपो पहाटे आंबा घाट चढून येतात. मलकापुरातून जाताना मागच्या फळीतून बर्फाचं पाणी ठिबकत असतं. उजाडेपर्यंत रस्त्यावर एक ओली रेघ. त्या रेघेवर मांजरं.

२.
माझी आई कडवी नदीतल्या झिंग्याला झिंगा म्हणायची आणि टेंपोतून आलेल्या कोळंबीलाही झिंगाच म्हणायची. बायकोचं माहेर रत्नागिरीकडचं. तिच्या लेखी कोळंबी वेगळी, करंदी वेगळी, जवळा वेगळा. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबीच, पण तेही वेगळे. लग्नानंतरची दोनेक वर्षं सासू-सुनेत वर्गीकरणावरून कुरबूर होती.

३.
लिनियसने १७५८ साली प्राण्यांना नावं दिली तेव्हा खेकडा, शेवंड, कोळंबी सगळ्यांना एकच आडनाव लावलं : कॅन्सर. म्हणजे आईचं चुकत नव्हतं. आवृत्ती जुनी, एवढंच.

४.
रविवारी तिसऱ्या उघडताना एकीत वाटाण्याएवढा खेकडा निघाला. मऊ, पांढरट, पाय पोटाशी घेऊन बसलेला. पाठ इतकी पातळ की आतलं पिवळं दिसत होतं. मी भिंग आणायला उठलो.

“असतो कधी कधी,” बायको म्हणाली. “त्याचं काय बघताय? वाटी द्या इकडे.”

तिच्या माहेरी याला नाव नाही. रोजच्या ओळखीतल्याला नाव लागत नाही बहुतेक. शास्त्रात याच्या कुळाचं नाव पिनोथेरिडी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ : पिन्नाचा राखणदार.

५.
पिन्ना म्हणजे समुद्राच्या तळाशी टोकावर उभा रोवलेला, पंख्यासारखा मोठा शिंपला. अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे की त्यात एक राखणदार राहतो; कधी बारका खेकडा, कधी बारकी कोळंबी. राखणदार गेला तर पिन्ना लवकरच मरते. पुढच्या लेखकांनी गोष्ट वाढवली. शिंपल्याला डोळे नाहीत. मासोळी आत शिरली की राखणदार मालकाला चिमटा घेतो, मालक झडप मिटतो, शिकार दोघे वाटून खातात.

गोष्ट जवळजवळ दोन हजार वर्षं चालली. नंतर लोकांनी शिंपले उघडून बघितले. आतली कोळंबी मालकाने पाण्यातून गाळून बुळबुळीत द्रवात गोळा केलेलं अन्न आयतं उचलून खात होती.

नाव मात्र राहिलं. १८२१ साली तिला शास्त्रीय नाव मिळालं तेही पिन्नोफायलॅक्स. पुन्हा राखणदारच.

६.
वेशीवरच्या देवाने कोणाला अडवलेलं मीही अजून पाहिलेलं नाही. नारळ चुकत नाही.

७.
१७६१ च्या जानेवारीत कोपनहेगनहून सहा जण अरबस्तानाकडे निघाले. डेन्मार्कच्या राजाची मोहीम. त्यातला पेटर फोर्सकाल हा लिनियसचा शिष्य. तांबड्या समुद्रात जे सापडेल ते गोळा करायचा, टिपून ठेवायचा. जुलै १७६३ मध्ये येमेनमधल्या यरीम गावी हिवतापाने गेला. एक जण त्याच्या आधीच गेला होता. उरलेले जहाजाने मुंबईला निघाले. दोघे वाटेतच गेले. एक जण मुंबईत पोचून, पुढच्या फेब्रुवारीत गेला. शेवटी कार्स्टन नीबूर एकटा राहिला. त्याने मुंबईच्या मुक्कामात घारापुरीची लेणी मोजली, चित्रं काढली, आणि १७६७ साली एकटाच घरी पोचला. मग बसून मित्राची टिपणं छापली, १७७५ साली.

त्या पुस्तकात शिंपल्यात राहणारी एक कोळंबी आहे. कॅन्सर कस्टोस. कस्टोस म्हणजे लॅटिनमध्ये राखणदार. आज तिला अँकिस्टस कस्टोस म्हणतात. आडनाव बदललं, नाव तेच.

सहा माणसांमागे एक परत आला. टिपणं सगळी नसतील, पण बरीच आली.

८.
जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत अशा घरमालकाला कधी ‘यजमान’ म्हणतात, कधी ‘पोशिंदा’. बायका नवऱ्याला यजमान म्हणायच्या आणि सभेत शेतकऱ्याला पोशिंदा म्हणतात. दोन्हीकडे कोण कोणाच्या जिवावर आहे हे बोलायच्या आधीच ठरलेलं.

९.
कोळंबी सोलायच्या आधी कुशीवर आडवी ठेवून बघावी. शेपटाकडच्या भागाला सहा कडी असतात. प्रत्येक कड्याची कड दोन्ही अंगांना खाली लोंबते, छपराच्या कौलासारखी. कोळंबीत पहिलं कौल दुसऱ्यावर, दुसरं तिसऱ्यावर, असं शिस्तीत.

कडवीतल्या झिंग्याचं तसं नाही. त्याचं दुसरं कौल रुंद असतं. मागच्या तिसऱ्यावर चढलेलं आणि पुढच्या पहिल्यावरही. आमच्याकडच्या पावसात कोणी असं कौल लावलं तर शिव्या खाईल. झिंग्याचं मात्र त्यावाचून अडतं. मादी अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून आठवडेच्या आठवडे वागवते, आणि त्या कौलांच्या आडोशाला ती राहतात. कोळंबी अंडी समुद्रात सोडते आणि मोकळी होते.

चिमटेही मोजावेत. कोळंबीच्या पायांच्या पहिल्या तीन जोड्यांना. झिंग्याच्या पहिल्या दोनच, पण दुसरी जोडी लांबलचक.

शिंपल्यात, स्पंजात, पोवळ्यात राहणाऱ्या त्या पाहुण्यांचं दुसरं कौल झिंग्यासारखं, चिमटेही झिंग्यासारखे. दोघांचं कूळ एक : पॅलिमॉनिडी. म्हणजे टेंपोतून आलेली कोळंबी त्यांची लांबची. जवळचा तो इथला, कडवीतला.

बायकोला सांगितलं. म्हणाली, “म्हणजे तुमच्याकडचाच.”

१०.
कडवी वारणेला मिळते, वारणा हरिपूरला कृष्णेला. कृष्णेच्या नावाचा एक झिंगा आहे : मॅक्रोब्रॅकियम किस्टनेन्से. ‘किस्टना’ ही इंग्रजी नकाशातली कृष्णा. के. के. तिवारींनी त्याचं वर्णन १९५२ साली छापलं. त्याच १९५२ साली हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयातल्या लिपके होल्टहाउस यांनी इंडोनेशियातल्या सिबोगा मोहिमेत सापडलेल्या पाहुण्या कोळंब्यांवरचा जाडजूड ग्रंथ काढला.

एकाच कुळातले दोन चुलते. एक गोड्या पाण्यात स्वतःच्या पायावर, दुसरा खाऱ्या पाण्यात दुसऱ्याच्या घरात.

११.
‘कूळ’ या शब्दाची गंमत अशी की जीवशास्त्रात तो घराण्याला आणि तलाठ्याकडे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला. एका चुलत्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात अजून एका कुळाचं नाव आहे. कूळ वारलं, कुळाचा मुलगा वारला, नातू पुण्यात आहे. नोंद तशीच.

कूळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं मालक झाली, निदान कागदावर.

पिन्नातल्या कोळंबीला तो कायदा लागू नाही. कसते कुठे ती?

१२.
हे पाहुणे पाचशेहून जास्त जातींचे. पूर्वी त्यांचं एक स्वतंत्र उपकूळ होतं, पॉन्टोनिनी. १८७९ पासून. नदीतले झिंगे वगैरे दुसऱ्या उपकुळात. दोन चुली, मधे भिंत. शिवाय दोन छोटी घराणी वेगळी काढून दिलेली. त्यातलं एक चांदणीमासे खाणाऱ्या ठिपकेदार कोळंबीचं.

मग डीएनए वाचून झाला. वेगळी काढून दिलेली दोन्ही घराणी मोठ्या वाड्यातच निघाली आणि मधल्या भिंतीला खाली पायाच नव्हता. २०१५ साली डी ग्रेव्ह, फ्रान्सेन आणि पेज या तिघांनी उपकुळं मोडली आणि सगळ्यांना पॅलिमॉनिडीत घेतलं. शोधनिबंधाच्या नावाचा मराठीत अर्थ साधारण असा : चला, पुन्हा दोस्ती करू.

भाऊबंदकीत एवढा सोपा फेरफार मी पाहिलेला नाही.

१३.
६ मे १९२२ : राजर्षी शाहू महाराज गेले.

त्याच वर्षी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात स्टॅन्ली केम्प यांचा पाहुण्या कोळंब्यांवरचा लेख आला. त्यातल्या एका देखण्या कोळंबीला त्यांनी नाव दिलं रेक्स. राजा.

१९६७ साली ए. जे. ब्रूस यांनी एका तांबड्या कोळंबीचं वर्णन केलं. मोठ्या समुद्री गोगलगायीच्या अंगावर बसून फिरणारी. तिचं नाव इंपेरेटर. सम्राट. जगभर पोहणाऱ्यांनी तिचे फोटो काढले. सम्राट कोळंबी म्हणून ती नावाजली.

नंतर कळलं, दोन्ही एकच. नियम असा की आधीचं नाव टिकतं. सम्राट खारीज, राजा कायम. आज ती झेनोपॉन्टोनिया रेक्स.

१४.
मलकापूर म्हणजे विशाळगड जहागिरीची राजधानी. विशाळगडचे पंतप्रतिनिधी कोल्हापूरचे मांडलिक. कोल्हापूर इंग्रजांचं. १९२२ साली इथला शेतकरी एका शिंपल्यात होता, तो शिंपला दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात.

१५.
ब्रूस यांनी आयुष्यभर याच कोळंब्या केल्या. मोंबासा, मग ऑस्ट्रेलिया. शेकडो नव्या जाती. आमच्या आळीत एक जण आयुष्यभर फक्त बैलांची शिंगं साळायचा. त्यालाही लोक विचारायचे, एवढंच करता?

१६.
कोल्हापूर-रत्नागिरी एसटीत उभं राहून घाट उतरावा. पहिल्या वळणालाच सगळे उभे प्रवासी सारखे दिसायला लागतात. एक हात वरच्या दांडीला, पाय फाकवून रोवलेले, पिशवी दोन घोट्यांच्या मधे. आडनावं वेगळी, गावं वेगळी, तिकिटं वेगळी.

शिंपल्यात राहणाऱ्या कोळंब्या बघून जुन्या लोकांना वाटलं, एवढ्या सारख्या दिसतात तर एकाच आजीच्या असणार. अंग चपटं आणि गुळगुळीत. डोक्यावरची करवत आखूड, बोथट. घरात कोण तलवार लावून फिरतं? पायाच्या टोकाला आकडे, मालकाच्या मऊ अंगाला धरून राहायला. २०१६ साली चेक, डच आणि ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने डीएनएवरून वंशावळ मांडली. आजी एक नाही. निरनिराळ्या वंशांनी आपापल्या काळात घरं बदलली, कोणी पोवळ्यातून निघून, कोणी स्पंजातून, आणि शिंपल्यात शिरल्यावर सगळ्यांना तसंच उभं राहावं लागलं.

१७.
भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. टिप्टॉन नावाच्या कोळंबीची पुढची पायरी. ती स्पंजात राहते. एका चिमट्याची धार कात्रीसारखी. २०११ साली तिचं पोट फाडून बघितलं तर आत स्पंजाचे तुकडे आणि त्याच्या सांगाड्याच्या बारीक काड्या. म्हणजे माजघरात बसून भिंत खात होती.

तोवर तिला निरुपद्रवी पाहुण्यांत धरलेलं होतं.

१८.
आंब्याच्या झाडावरच्या बांडगुळाला फुलं येतात, त्या फुलांवर शिंजीर येतो, शिंजीर शाळेच्या मुलांना फार आवडतो. ‘बांडगूळ’ ही शिवी मात्र मुलं त्याच वयात शिकतात.

१९.
या सगळ्या पाहुण्या कोळंब्यांत मला आवडलेली गोष्ट. काही कोळंब्यांच्या एका गालाला गाठ दिसते. पान खाऊन गालात धरलेल्या माणसासारखी. कवच उचललं तर आत, कल्ल्यापाशी, एक चपटा वाकडा जीव. बोपिरिड म्हणतात. ती मादी. कोळंबीचं रक्त पिऊन तिथेच वाढते, तिथेच अंडी घालते. तिच्या पोटाखाली आणखी एक बारका जीव धरून बसलेला. तो तिचा नवरा.

शिंपल्यात कोळंबी, कोळंबीत बोपिरिड, बोपिरिडला बिलगून नवरा.

कोल्हापूरला मुलाने खोली घेतली तेव्हा मालकाने करारात घातलेलं कलम आठवलं : पोटभाडेकरू ठेवता येणार नाही.

२०.
खोल समुद्रात काचेच्या जाळीसारखा एक स्पंज असतो. विणलेल्या उभ्या टोपलीसारखा, वरून झाकण. त्यात कोळंबीची एक जोडी राहते. पिल्लं असताना जाळीच्या भोकातून आत शिरतात, वाढतात, मग बाहेर पडता येत नाही. दोघं आयुष्यभर आत. जपानीत या स्पंजाला जे म्हणतात त्याचा अर्थ : एकत्र म्हातारे होणं, एकाच थडग्यात जाणं. वाळलेला स्पंज तिकडे लग्नात भेट देतात.

या कोळंब्या पॅलिमॉनिडीतल्या नव्हेत. पार वेगळ्या घराण्यातल्या. ही कल्पना त्यांना त्यांची स्वतंत्रपणे सुचली.

२१.
वटपौर्णिमा. देवळामागच्या वडाला सूत. सात जन्मांची बोली.

वडाचं रोप पुष्कळदा दुसऱ्याच झाडाच्या बेचक्यात नाहीतर देवळाच्या भिंतीत रुजतं. पाखरू बी टाकून जातं. मूळ झाड पुढे कुठे जातं ते कोणी विचारत नाही.

२२.
चुटकी वाजवणाऱ्या कोळंब्यांचं कूळ निराळं, अल्फिडी. एक चिमटा मोठा. तो इतक्या वेगाने मिटतो की पाण्यात बुडबुडा होतो, आणि बुडबुडा फुटतो त्याचा आवाज होतो. क्षणभर, डोळ्याला न दिसेल असा, उजेडही पडतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुडी शोधणाऱ्यांच्या कानात हाच तडतडाट.

त्यांच्यातली सिनॅल्फियस रेगालिस कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजात राहते. एका स्पंजात कधी तीनशेहून जास्त, आणि अंडी देणारी राणी एकच. बाकीच्या घर राखतात. एमेट डफी यांनी १९९६ साली हे छापलं तेव्हा समुद्रात मधमाश्यांसारखं राज्य असलेला प्राणी प्रथमच कळला.

इथे राखणदार खरेच राखण करतात. फक्त घरमालकाने नेमलेले नाहीत.

२३.
पॅराटिप्टॉन : पोवळं वाढत असताना त्यात बसून राहते. पोवळं तिच्याभोवती फुगतं. एका गाठीत एक जोडपं. घर त्यांनी बांधलं की त्यांच्यावर बांधलं गेलं?

२४.
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. टेंपो कमी. बाजारात सुकट, जवळा, सोडे यांचे ढीग आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद. पावसात शेताच्या बांधावर खेकडे. इथल्या खेकड्याला पोसणारं कोणी नाही. बीळ स्वतःचं.

२५.
२०१६ च्या शरदात स्पेनच्या किनाऱ्यावर पिन्ना मरायला लागल्या. अ‍ॅरिस्टॉटलने लिहिलेली तीच, पिन्ना नोबिलिस. तिच्या अंगच्या तंतूंपासून पूर्वी सोनेरी रेशीम काढायचे. शिंपल्यांच्या कुरणांमागून कुरणं उभीच्या उभी मेली, झडपा उघड्या टाकून. कारण डोळ्यांना न दिसणारा एक परजीवी, हॅप्लोस्पोरिडियम पिन्नी. भूमध्य समुद्रभर पसरला. २०१९ साली ही जात ‘अति संकटग्रस्त’ यादीत गेली.

राखणदार गेला की पिन्ना मरते, असं लिहिलेलं होतं. झालं उलट. आणि जो आत शिरला त्याच्यासाठी चिमटा घ्यायची सोयच नव्हती.

२६.
मेलेल्या पिन्नातली कोळंबी कुठे जात असेल? दुसरं घर शोधत. त्या पाण्यात तसलं घर आता विरळ. ज्यांनी पूर्वी घरं बदलली त्यांनी लाखो वर्षं घेतली होती.

२७.
बायकोने आज सोड्यांची खिचडी केली. मी सोडा उलटापालटा करून कौलं शोधत होतो. सोललेल्याला कौलं कुठली. ती बघत होती, पण काही बोलली नाही.

२८.
संध्याकाळी शेजारचा पोरगा पाण्याच्या बाटलीत झिंगा घेऊन आला. कडवीतला. काचेसारखा, आतलं काळं आतडं दिसणारा, पोटाखाली हिरवट अंडी. आम्ही बाटली उजेडाला धरली. दुसरं कौल दोन्हीकडे चढलेलं त्याला लगेच दिसलं, मला चष्मा पुसावा लागला.

“सर, ह्याचं नाव काय वो?”

“नाव नाही सांगता येत. आडनाव सांगतो.”

त्याने आडनाव दोनदा म्हणून बघितलं. दोन्ही वेळा वेगळं आलं. मग बाटली घेऊन परत नदीकडे गेला, झाकण खिशात.